बियेक दवरिल्लो

अर्जातला चौथा रकाना पिकाच्या नावाचा,
पाचवा वाणाचा.
वाण कोणता लिहू, विचारलं
तर एर्मेलीन म्हणाली, "आमचो,"
आणि कोयती कमरेला खोचून
उतार चढूही लागली.

चतुर्थी होऊन गेलेली, पाऊस सवडीनं पडत होता.
कृषी खात्याची माझी छत्री, एक काडी तुटलेली.
चपला हातात घेऊन मी तिच्या मागून,
लाल मातीत अंगठे रोवत.
जुव्याच्या माणसांना आसपासचे गाव
भेंडे म्हणतात, चिडवायला.
म्हणू देत, ती म्हणते,
त्यांच्या गावांना तर भाजीचंही नाव मिळालं नाही.

झाडं माझ्या डोक्यावर हातभर उंच.
आकडीनं ती शेंडा वाकवते,
भेंडो मोडते, टक्,
आणि फांदी परत जाताना
सगळं पाणी माझ्या चष्म्यावर.
"मेज," म्हणाली.
बोट फिरवून मी शिरा मोजल्या.
पाच नव्हेत. सात.
फिकट हिरवा, वितीहून लांब, जरा पोक काढलेला.
बेळगावच्या ट्रकातून उतरते ती भेंडी
ह्याच्यापुढे शाळेच्या रांगेत उभी राहिल्यासारखी.

खत?
कुटो, म्हणाली, आणि चुलीची राख.
फवारणी?
तिनं आकाशाकडे बोट केलं.
क्षेत्र?
इथून त्या माडापर्यंत.
माडापलीकडचं दिराचं होतं,
तिथे आता चिऱ्यांचं कुंपण,
आत एका पाटीखेरीज काही लावलेलं नाही.

डझनभर तिनं केळीच्या सोपटानं बांधून दिले.
पैसे घेतले, मोजून.
सुट्टे आणायला ती घरात गेली तेवढ्यात
बांधावरच्या झाडाचा सगळ्यात थोर भेंडो
मी उडी मारून तोडला.
सरकारी माणसानं करू नये ते केलं.
देठाला काहीतरी होतं, पावसानं रंग गेलेलं.
मला वाटलं, वेल असेल.

घरी कुंदानं बाकीचे चिरले,
बिंबलं टाकली, सुकी सुंगटं,
सगळ्या जिन्यात वास.
तो एक मात्र सुरीला बधेना.
"लाकूड आणलंत," ती म्हणाली,
"आणि हा दोरा कुणी बांधलाय?"

दोन वेढे. गाठ मागच्या बाजूला,
लहान मुलाच्या मनगटाला बांधतात तशी.

गुरुवारी बाणस्तारीच्या बाजारात
गोणपाटावर बसली होती ती,
पुढ्यात तांबडी भाजी, चार दुधी, भेंड्यांच्या जुड्या.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो मी काढला.
तिनं आधी दोरा बघितला,
मग मला.
"बियेक दवरिल्लो रे तो, घाडीबाब."
शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

गिऱ्हाईक उभं ठेवून
तिनं नखानं एक शीर उकलली.
आत बिया पांढऱ्या, ओलसर, अर्ध्याच भरलेल्या.
देठाकडच्या चार काय त्या काळसर.
त्या चार झग्याच्या खिशात गेल्या,
बाकीच्या तिनं माझ्या तळहातावर ओतल्या.
"ह्यो रुजच्यो नात. तूं व्हर."
आणि गिऱ्हाइकाला जुडीचा भाव सांगितला,
नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त.
माझ्याकडे बघत.

पाचव्या रकान्यात मी 'आमचो' लिहिलं होतं.
साहेबांनी लाल वर्तुळ काढून अर्ज परत पाठवला :
आमचो म्हणजे कोणाचा?
तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे,
त्यावर बियांची पुडी.
रुजणार नाहीत, तिनं सांगितलंय.
तरी जिन्याखालची तडा गेलेली कुंडी
मी धुऊन ठेवली आहे,
आणि ऑफिसात, बसमध्ये, शेजारीपाजारी
विचारत फिरतो आहे
कुणाकडे चुलीची राख मिळेल का.
आमच्याकडे गॅस.